वऱ्हाडच्या वाचकाची ऐतिहासिक कादंबरी

साठ वर्षांची फूटपट्टी

खामगावात कादंबरी वाचणाऱ्यांचे सरळ दोन तट आहेत. एका तटाला ‘ऐतिहासिक’ लागते, म्हणजे शिवकाल आणि पेशवाई. दुसऱ्याला ‘आजचं काही’ लागतं. वाचनालयातली कपाटंही याच हिशेबानं लावलेली असतात. मला ही वाटणी पटत नाही.

पौराणिक कादंबऱ्या आधी बाजूला काढू. ‘मृत्युंजय’ किंवा ‘राधेय’ यांना कागदपत्रांचा धाक नसतो. ऐतिहासिक कादंबरीला तो असतो. वॉल्टर स्कॉटच्या ‘वेव्हर्ली’पासून (१८१४) युरोपात या प्रकाराची सुरुवात मानतात. स्कॉटनं तिच्या उपशीर्षकातच गोष्ट साठ वर्षांपूर्वीची असल्याचं सांगून टाकलं होतं. आजोबांच्या आठवणीत जेमतेम उरलेला काळ, एवढं ते अंतर. मराठीत रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) ही पहिली ऐतिहासिक कादंबरी. पुढे हरिभाऊ आपटे, नाथमाधव आणि ‘कादंबरीमय पेशवाई’ लिहिणारे वि. वा. हडप यांनी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या या प्रकारावर पोसल्या. आज मात्र ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की लोकांची गाडी ‘स्वामी’पाशी सुरू होते.

गादीवरून दिसणारा इतिहास

रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली आणि १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. थोरले माधवराव, रघुनाथरावांशी चाललेला घरातला झगडा, थेऊरचा शेवट आणि रमाबाईंचं सती जाणं हे सगळं आजही हलवून सोडतं. पण ही वाड्याच्या आतली कादंबरी आहे. पेशव्यांचा खजिना रिकामा, कर्जाचा डोंगर, हे आपल्याला संवादांतून कळतं; ते कर्ज शेवटी कुठल्या कुणब्याच्या मानेवर बसलं, ते कळत नाही. शिवाय वाड्यातली सगळी माणसं एकाच घोटीव मराठीत बोलतात.

‘श्रीमान योगी’ मी वेगळ्या कारणासाठी जपतो. नरहर कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र तिच्या सुरुवातीला छापलेलं आहे. शिवाजीमहाराजांकडे चमत्काराच्या पलीकडे, राजकारण आणि राज्यकारभाराच्या अंगानं कसं पाहावं, हे त्यात सापडतं. बरेच वाचक ती पानं ओलांडून पुढे जातात. माझं मत विचाराल तर कादंबरी राहिली तरी चालेल, पत्र सोडू नये!

या पिढीत मी सर्वांत वर ठेवतो ते ना. सं. इनामदारांना. ‘राऊ’मुळे आणि २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’ सिनेमामुळे त्यांचं नाव सर्वदूर गेलं, पण त्यांचं खरं धाडस दुसरीकडे आहे. ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर, ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसरा बाजीराव, ‘शहेनशहा’मध्ये तर थेट औरंगजेब. ज्यांच्याविषयी शाळेतच आपलं मत ठरवून दिलेलं असतं, अशी ही माणसं. ‘मंत्रावेगळा’ वाचून दुसरा बाजीराव आवडू लागतो असं नाही. पळपुटा म्हणताना जीभ जरा अडखळते, इतकंच.

शिवाजी सावंतांच्या ‘छावा’कडे (१९७९) अलीकडच्या सिनेमामुळे तरुण मुलं वळताना दिसतात. वळू देत. पण त्या भाषेवर इतके दागिने आहेत की माणसाचा चेहरा शोधावा लागतो. त्यापेक्षा विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) मला जवळची, कारण तिच्यात भूक आहे. १७६० च्या हिवाळ्यात भाऊसाहेबांची छावणी कोंडली जाते, रसद तुटते, जनावरांना वैरण नाही, माणसांना दाणा नाही. लढाई पुढच्या जानेवारीत होते, पण फौज त्याआधीच उपाशी पडलेली असते. दुष्काळ पाहिलेल्या वाचकाला ही पानं समजावून सांगावी लागत नाहीत.

बखरीतला हेर

हा सगळा प्रकार उलटा करून दाखवला तो नंदा खरे यांनी. नागपुरात इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलेला हा लेखक. त्यांच्या ‘अंताजीची बखर’मध्ये नायक कुणी सेनापती नाही. अंताजी खरे नावाचा एक फुटकळ हेर आपली हकीकत सांगतो: नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या, तिथली लूट, प्लासी. तो भित्रा आहे, चतुर आहे, आणि मोठ्यांच्या मोठेपणाला अजिबात भुलत नाही. पुढच्या ‘बखर अंतकाळाची’मध्ये पेशवाईची अखेर येते. मराठ्यांच्या घोडदौडीचं कौतुक ऐकत वाढलेल्या वाचकाला, त्या टापांखाली सापडलेल्या बंगालच्या बाजूनंही एकदा पाहायला लावणारी ही पुस्तकं आहेत. वाचनालयात ती जितकी फिरायला हवीत तितकी फिरत नाहीत.

यात वऱ्हाड कुठं हाय?

हा प्रश्न मला वर्षानुवर्षं छळतो. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा घोडा बहुतेक पुणे, सातारा, रायगड याच टापूत दौडतो आणि उत्तरेला निघाला की थेट नर्मदा ओलांडतो. मधला वऱ्हाड मुक्कामापुरता.

आता आमच्याच बुलढाणा जिल्ह्याकडे पाहा. सिंदखेड राजा हे जिजाऊंचं माहेर. लखुजी जाधवरावांना १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशाही दरबारात दगा देऊन मारलं. त्याच सिंदखेड राजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला १७२४ मध्ये निजामउल्मुल्कानं मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या निजामीचा पाया घातला. पहिला बाजीराव तेव्हा निजामाच्या बाजूला होता. नोव्हेंबर १८०३ मध्ये पलीकडे अकोला जिल्ह्यात अडगावला आर्थर वेलस्लीनं भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि पुढच्याच महिन्यात गाविलगड घेतला. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला.

खामगावची कथा तर लढाईवाचूनच कादंबरी होण्याजोगी आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. युद्ध थांबताच भाव कोसळले, मुंबईचे सट्टेवाले बुडाले. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला इथे आले होते. अडत्या, सावकार, गाडीवान, कापूस वेचणारी बाई, जिनातला फोरमन अशी माणसं या गोष्टीत जागजागी उभी आहेत. तलवारीचा खणखणाट नाही म्हणून तिला ‘ऐतिहासिक’ म्हणायचं नाही काय?

‘धग’ आता साठी ओलांडून गेली

वऱ्हाडचा इतिहास कादंबरीत आला, पण दुसऱ्या दारानं. गो. नी. दांडेकर जन्मानं परतवाड्याचे. शिवकालावर त्यांनी भरभरून लिहिलं, आणि त्याच हातानं ‘पूर्णामायची लेकरं’ लिहिताना वऱ्हाडी बोलीला कादंबरीत आणलं. मग १९६० मध्ये उद्धव शेळके यांची ‘धग’ आली. शिंप्याच्या घरातली कौतिक, ऐतखाऊ नवरा महादेव, पोरांच्या शिक्षणाची आस आणि वाट्याला आलेली राबणूक. लिहिली तेव्हा ती समकालीन होती. स्कॉटची फूटपट्टी लावली तर आज ती ऐतिहासिक आहे: त्या काळातली मजुरी, उधारी, कपडे शिवून घेण्याची रीत, महारोग्याला गावानं दिलेली वागणूक हे सारं आता विचारून कळण्याइतकं जवळचं राहिलेलं नाही.

काटेकोर समीक्षक म्हणतील, लेखकानं स्वतः न पाहिलेला काळ शोधून लिहिला तरच ती ऐतिहासिक कादंबरी. व्याख्या म्हणून हे बरोबर आहे. पण वाचकाच्या हाती पडतं ते पुस्तक. हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो’ (१८९०) लिहिताना समकालीन होती, आज बालविधवेचं जिणं समजून घ्यायला आपण तिच्याकडेच जातो. त्यांच्याच शिवकालीन कादंबऱ्यांपेक्षा ती मला इतिहासाच्या अधिक जवळची वाटते.

सदानंद देशमुख आमच्याच जिल्ह्यातले, चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. त्यांच्या ‘बारोमास’ला (२००२) २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकूनसवरून नोकरीसाठी मोजायला पैसे नाहीत म्हणून शेतीत अडकलेला एकनाथ, कर्ज, कापसाचा न परवडणारा भाव आणि घरातल्या घरात वाढत जाणारी कटुता हे सारं इथल्या कुठल्याही गावात ओळखीचं. पन्नास वर्षांनी विसाव्या शतकाच्या अखेरचं वऱ्हाड कुणाला पाहायचं असेल, तर त्याला सरकारी अहवालांइतकीच ही कादंबरी लागेल. शेजारच्या वाशिमचे नामदेव कांबळे यांची ‘राघववेळ’ही त्याच ओळीत ठेवा.

सोबत काय ठेवावं

कादंबरीतला संवाद इतिहास म्हणून भाषणात ठोकून देण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. ‘पानिपत’ वाचलीत तर त्र्यं. शं. शेजवलकरांचा ‘पानिपत १७६१’ हा ग्रंथ शेजारी असू द्या. वाक्य लेखकाचं की कागदातलं, एवढी शंका मनात आली तरी पुरे.

नव्या वाचकाला मी क्रम सांगतो तो असा: आधी ‘बारोमास’, मग ‘धग’, मग ‘अंताजीची बखर’, आणि त्यानंतर ‘स्वामी’. वाड्यात शिरण्याआधी त्या वाड्याचा सारा कुणाच्या शेतातून जात होता, ते ठाऊक असलेलं बरं.