पोटातला खडा आणि पाणी धरणारे औषध

पोट साफ होत नाही, ही तक्रार आपल्या वस्तीत घरोघर आहे, पण बोलायची चोरी. भगिनी तर बोलतच नाहीत. सार्वजनिक संडासाची रांग टाळायची म्हणून पाणी कमी प्यायचे, आलेली हाजत दाबायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. मग चार चार दिवस होत नाही, पोट फुगते, कळा येतात. सोनोग्राफी केली, रक्त तपासले, सगळे नॉर्मल. घरचे म्हणतात सोंग करते. शेजारीण म्हणते बेंबी सरकली. कुणी थेट करणीपर्यंत जातो!

वाचकहो, यातले काहीही नाही. महिनोन्‌महिने पोट दुखते, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असतो आणि तपासणीत काही सापडत नाही, अशा विकाराला डॉक्टर इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (आय.बी.एस.) म्हणतात. आतड्यात जखम नसते, गाठ नसते. त्याची हालचाल बिघडते आणि ते जरा जास्तच हळवे होते. दुखणे मात्र खरे असते. काहींना यात जुलाब होतात, काहींना बद्धकोष्ठ. आपण बद्धकोष्ठाचे बोलू.

आपला नेहमीचा उपाय म्हणजे रात्री सोनामुखीचे चूर्ण किंवा एरंडेल. ही औषधे आतड्याला चाबूक मारून पळवतात. आधीच कळा येणाऱ्या आतड्याला आणखी मुरडा येतो, आणि सकाळी नेमकी कामावर जायच्या वेळी धावपळ.

दुसऱ्या प्रकारच्या रेचकांना ऑस्मोटिक म्हणतात. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की भांड्यात पाणी जमते, ते आपण दरवर्षी लोणच्याच्या वेळी पाहतो. ही औषधे तशीच आतड्यात पाणी ओढतात किंवा असलेले धरून ठेवतात. खडा मऊ होतो, कुंथावे लागत नाही.

यात तीन औषधे नेहमी मिळतात. लॅक्टुलोजचे गोड सरबत बरेच डॉक्टर देतात. साध्या बद्धकोष्ठाला ते ठीक, पण आतड्यातले जंतू ते आंबवतात आणि वायू धरतो. आय.बी.एस.मध्ये पोट आधीच फुगलेले असते. म्हणून इंग्लंडच्या नाइस या सरकारी संस्थेने २००८ साली या रुग्णांना लॅक्टुलोजपासून परावृत्त करावे, असे सांगितले. मिल्क ऑफ मॅग्नेशिया स्वस्त आणि काही तासांत काम करणारे. मात्र मूत्रपिंड अधू असेल तर त्यातले मॅग्नेशियम रक्तात साठते. अशांनी ते परस्पर घेऊ नये, म्हाताऱ्या माणसांनीही विचारूनच घ्यावे.

तिसरे पॉलिएथिलीन ग्लायकॉल. ही पावडर फारशी रक्तात जात नाही, आंबत नाही. मोठ्या माणसाला साधारण १७ ग्रॅम पेलाभर पाण्यात विरघळवून दिवसातून एकदा देतात. प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. ती दुसऱ्याच दिवशी काम करील असे नाही, एक ते तीन दिवस लागतात. एवढा धीर न धरता लोक दुप्पट घेतात आणि मग जुलाब लागले म्हणून औषधाला बोल लावतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण दुकानदार ती सांगत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या पावडरीने आय.बी.एस.च्या रुग्णांना शौचाला नीट होऊ लागले, पण पोटदुखी नुसत्या दिखाऊ औषधापेक्षा जास्त कमी झाली नाही. खडा गेला तरी कळ राहिली तर डॉक्टरांना तसे सांगावे, कळेचे औषध वेगळे असते. कोंडा खाऊन पोट फुगत असेल तर तोही बंद करावा. त्यापेक्षा इसबगोल भरपूर पाण्याबरोबर, थोड्यापासून सुरू करावे.

लोहाच्या गोळ्यांनी आणि थायरॉईड कमी पडल्यानेही बद्धकोष्ठ होते, तेव्हा चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी केस पेपरबरोबर न्यावी. शौचातून रक्त, घटते वजन, कमी झालेले रक्त, रात्री झोपेतून उठवणारी कळ, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, यांतले काही असेल तर आय.बी.एस. म्हणून घरी बसू नये. आणि पोट ताठ फुगले, उलट्या होताहेत, वारासुद्धा सरत नाही, अशा वेळी कुठलेच रेचक न देता रुग्णाला त्याच क्षणी मोठ्या इस्पितळात न्यावे.