वावरातून जाणारी मोटार

हिंगणा एमआयडीसीत ट्रॅक्टरचे सुटे भाग घडवण्यात माझी उमर गेली. त्यामुळे आवडती मोटार कोणती असं कोणी विचारलं, की मी फ्रान्सच्या सित्रोएन टूसीव्हीचं नाव घेतो. गोल पाठीची, साध्या पत्र्याची, कापडी छताची ही गाडी शेतकऱ्यासाठीच आखली होती.

१९३०च्या दशकात कंपनीचे प्रमुख पिएर बुलांझे यांनी इंजिनिअरांना अट घातली: दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन ताशी ६० किलोमीटरने जावी, १०० किलोमीटरला ३ लिटर पेट्रोल लागावं, आणि नांगरलेल्या वावरातून नेली तरी टोपलीतलं अंडं फुटू नये. आमच्या काळ्या मातीत नांगरटीनंतर केवढी ढेकळं निघतात ते पाहिलं, की ही शेवटची अट किती जबर होती ते कळतं.

या अटीवर काढलेला तोडगा मला फार आवडतो. एका बाजूची पुढची-मागची चाकं गाडीच्या पोटाखालच्या आडव्या नळकांड्याने जोडलेली. स्प्रिंगा त्या नळकांड्यात. पुढचं चाक ढेकळावर चढलं की दांडा स्प्रिंग दाबतो, नळकांडं थोडं पुढे सरकतं आणि मागचं चाक खाली रेटलं जातं. नाक एकटं वर उडत नाही, अख्खी गाडी डुलत पार होते.

इंजिन ३७५ सीसीचं, दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं, ९ हॉर्सपॉवरचं. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, हेड गॅस्केटसुद्धा नाही! आधीच्या गाड्यांत वायपर स्पीडोमीटरच्या केबलवर फिरायचे. सीट उचलून बाहेर काढली की पोती रचा. माल उंच असेल तर छत गुंडाळा.

महायुद्धात जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून तयार गाड्या मोडल्या, काही दडवल्या. १९४८ला पॅरिसच्या प्रदर्शनात टूसीव्ही लोकांसमोर आली. पत्रकारांनी टिंगल केली, गिऱ्हाइकांनी मात्र वर्षानुवर्षं नंबर लावून ठेवले. १९९०मध्ये पोर्तुगालात शेवटची गाडी निघाली, तोवर ३८ लाखांवर तयार झाल्या होत्या.

आपल्याकडे इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी अशाच साध्या मोटारीच्या ध्यासाने झपाटले होते. 'मीरा' ही छोटी, स्वस्त मोटार त्यांनी स्वतःच्या हिमतीवर घडवली, नवनवे नमुने काढून सुधारत नेली. पण तिचा कारखाना काही उभा राहिला नाही. बुलांझेंच्या मागे सित्रोएन होती, सित्रोएनच्या मागे टायरवाली मिशलँ. शंकररावांच्याही मागे तसं कोणीतरी उभं राहायला हवं होतं.