बालकाच्या हेळसांडीचे खटले : पालकाचा दोष व मनोवस्था यांचे मूल्यमापन

प्रस्तावना :
मूल दगावले वा बेवारस आढळले की समाजाचा निवाडा तत्काळ होतो व तो बहुधा आईच्या विरोधात जातो. न्यायालयास मात्र काय घडले एवढ्यावर थांबता येत नाही. ते कोणत्या मनोवस्थेत घडले हेही पाहावे लागते. प्रस्तुत लेखात या मूल्यमापनाच्या कायदेशीर निकषांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
इ. स. १८६३ मध्ये महात्मा फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. लोकलज्जेच्या भयाने विधवांकडून होणारी अर्भकहत्या केवळ शिक्षेने थांबणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. इ. स. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेस अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ती काळ्या पाण्यात बदलली. या प्रकरणावरून उठलेल्या वादातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. हे प्रकरण हेळसांडीचे नव्हे, हत्येचे होते. तथापि त्यातील एक बाब आजही लक्षणीय आहे. दोषसिद्धी कायम राहिली, केवळ शिक्षा घटली. म्हणजेच आईच्या परिस्थितीचा विचार दया म्हणून झाला, न्यायाचा भाग म्हणून नव्हे.

प्रचलित कायदा :
भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ नुसार बारा वर्षांखालील मुलास कायमचे टाकून देणाऱ्या पालकास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ मध्ये हेळसांड 'जाणीवपूर्वक' असणे आवश्यक मानले आहे. शिवाय जन्मदात्यांनी आवाक्याबाहेरील परिस्थितीमुळे मूल टाकले असल्यास ते जाणीवपूर्वक नव्हते असे गृहीत धरून त्यांना या कलमाच्या शिक्षेतून वगळले आहे.

मनोवस्थेचे तीन टप्पे :
मनोवस्थेचा प्रश्न खटल्यात तीन ठिकाणी उद्भवतो. प्रथम, कृत्याचे स्वरूप वा त्याची अयोग्यता कळण्यास व्यक्ती मनोविकलतेमुळे असमर्थ असेल, तर संहितेच्या कलम २२ नुसार तो अपराधच ठरत नाही. केवळ वैद्यकीय निदान येथे पुरेसे नसते. दुसरे, मनोविकलता पूर्णतः सिद्ध झाली नाही तरी त्याच पुराव्यातून हेतूविषयी वाजवी संशय निर्माण होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने दह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य (१९६४) या निवाड्यात हे तत्त्व स्पष्ट केले. त्या आरोपीचा बचाव मात्र फेटाळला गेला. तिसरे, दोष सिद्ध झाल्यावर शिक्षा ठरविताना आजार, दारिद्र्य वा एकाकीपणा यांचा विचार होतो.

प्रसूतीनंतरच्या तीव्र नैराश्याची अडचण येथेच आहे. अशा मातेस काय बरे व काय वाईट हे बहुधा कळते, परंतु मुलाची निगा राखण्याचे बळ उरत नाही. त्यामुळे ती पहिल्या कसोटीत बसत नाही. इंग्लंडमध्ये १९२२ व १९३८ च्या अर्भकहत्या कायद्यांनी प्रसूतीमुळे ढळलेल्या मानसिक संतुलनाची स्वतंत्र दखल घेतली. भारतात तसा कायदा नाही.

पश्चात्तापासंबंधीही सावधगिरी हवी. 'माझ्यामुळेच गेले' हा आईचा आक्रोश शोकाचा उद्गार असतो, अपराधाची कबुली नव्हे. उलट, न रडणारी आई निर्दयच असते असेही नाही.

निष्कर्ष :
मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाल्याने सहा जिल्ह्यांतील अपिले आता येथेच चालतात. तथापि अपिलात जे तपासायचे ते मूळ अभिलेखात असावे लागते. म्हणून आरोपी पालकाची मानसिक तपासणी अटकेनंतर लवकरात लवकर होणे, तसेच कुटुंबातील इतरांची जबाबदारीही तपासात नोंदली जाणे अगत्याचे आहे. मृत बालकाला न्याय देणे आणि पालकाचे मन समजून घेणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. दुसरीवाचून पहिली अपुरीच राहते.