ज्वारीची बिअर होईल का?

मागच्या भागानंतर सोलापुरातूनच एकाने विचारलं, "आपल्या ज्वारीची बिअर होईल का?"

होईल की! धान्याला मोड आणून वाळवलं की झालं माल्ट. माल्ट गरम पाण्यात भिजलं की त्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात, आणि यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. एल 20 अंशांच्या आसपास आंबते, लागर 10 च्या. हेफेवायझनला केळ्याचा वास येतो ना, तो यीस्टचा. केळं त्यात नसतंच!

ज्वारीची अडचण वेगळी. तिचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो आणि तेवढ्या उष्णतेत एन्झाइम्स टिकत नाहीत. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवायची. आई भाकरीच्या पिठात गरम पाणी घालते, तेही स्टार्च फुलून चिकट व्हावा म्हणूनच.

नायजेरियाने 1988 मध्ये बार्ली माल्टची आयात थांबवली, तेव्हा तिथल्या कंपन्या ज्वारीकडे वळल्या. पुण्यात डूलाली 2009 मध्येच सुरू झाली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये जीआय मिळालं. या दोघांची गाठ पडली, तर आपल्या शेतकऱ्याला भाकरीपलीकडे आणखी एक गिऱ्हाईक मिळेल.

आणि हो, 21 पूर्ण नसतील तर सध्या नुसतं ऐका!