रिझर्व्हवर किती अंतर?

मोटारसायकलच्या टाकीत ‘रिझर्व्ह’ नावाचा वेगळा कप्पा असतो, ही समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात टाकी एकच असते. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागाच्या, जुन्या गाड्यांत टाकीखालच्या कॉकला दोन तोंडे असतात. त्यांपैकी एक उभ्या नळीच्या टोकाशी, उंचावर असते आणि दुसरे तळाशी, त्यामुळे पेट्रोलची पातळी नळीच्या टोकाखाली उतरली की गाडी आचके देऊ लागते आणि कॉक फिरवताच तळाचे पेट्रोल वाहू लागते. हा साठा बहुधा एक ते दोन लिटर असतो. दीड लिटर साठा आणि लिटरला 50 किलोमीटरचा ॲव्हरेज धरल्यास हिशेब 75 किलोमीटरचा येतो, परंतु घाट, मागे बसलेला माणूस आणि टाकीच्या दुसऱ्या कुशीत अडकून राहणारे पेट्रोल (गाडी आडवी कलवल्यावर ते कॉककडे येते) ध्यानात घेता 50 किलोमीटरच गृहीत धरणे शहाणपणाचे. पेट्रोल भरल्यावर कॉक पुन्हा ‘ऑन’वर न आणल्यास मात्र पुढच्या वेळी कोणतीही पूर्वसूचना न मिळता टाकी कोरडी पडते. एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियमांमुळे इंधन-इंजेक्शन रूढ झाले, आणि अशा गाड्यांत कॉकची जागा काट्याने किंवा लुकलुकणाऱ्या दिव्याने घेतली.