साहेबाची क्रियापदं : रिट्रेंच

‘सरेंडर’ कबूल केलं होतं, पागडीच्या खोल्यांसकट. ते आठवडाभर थांबेल. लालबागच्या एका वाचकाचा प्रश्न आला आणि माझं लाडकं क्रियापद आयतंच हाती लागलं. वडील गिरणीत साचेखात्यात होते, मुलगा लोअर परळला काचेच्या इमारतीत संगणकावर. मुलाच्या कंपनीनं माणसं काढली, तेव्हा सगळे ‘ले-ऑफ’ म्हणाले. वडील म्हणतात, हा ले-ऑफ नव्हेच. बरोबर कोण?

वडील! निदान आपल्या कायद्यापुरते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दोन्ही शब्दांच्या व्याख्या आल्या. कोळसा नाही, वीज नाही, यंत्र मोडलं, म्हणून काम देता येत नाही, तो ले-ऑफ. नाव मस्टरवर राहतं, मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे निम्मे पैसे मिळतात. सलग वर्ष भरलेला बदलीवालाही त्यात आला. नावच कमी केलं, तर ते रिट्रेंच. मुलगा बोलतो ती अमेरिकेची बोली.

या क्रियापदाचं मूळ फ्रेंच, अर्थ छाटणं. पूर्वी छाटला जायचा तो खर्च. १९२२ मध्ये सरकारनं लॉर्ड इंचकेप यांची रिट्रेंचमेंट कमिटी नेमली ती सरकारी खर्चाला कात्री लावायला. इंग्रजीत कंपनी आजही नुसतीच ‘रिट्रेंच’ करू शकते, कर्माशिवाय. आपल्याकडे मात्र कर्म लागतं आणि ते माणूसच असतं.

छाटायला झाड उभं हवं की नको, यावर सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण झालं, तेही बार्शी लाइट रेल्वेवरून. १९५४ च्या पहिल्या दिवसापासून ही रेल्वे सरकारकडे गेली. कंपनीनं त्याआधी सगळ्यांनाच नोटिसा दिल्या. कामगार म्हणाले, आम्ही रिट्रेंच झालो, भरपाई द्या. २७ नोव्हेंबर १९५६ ला पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की रिट्रेंच म्हणजे चालू धंद्यातले जादा कामगार कमी करणं. धंदाच गेला तर हे क्रियापद लागू नाही. पुढच्याच वर्षी संसदेनं कायदा बदलला आणि धंदा बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला तरी भरपाईची सोय केली. तीही मागल्या तारखेपासून, २८ नोव्हेंबर १९५६, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून! एका क्रियापदासाठी संसदेनं इतकी धावपळ केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

रिट्रेंच करणाऱ्याला कायद्यानं बांधून घातलं होतं. महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार, दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. शेवटी लागलेला आधी जायचा. आणि पुन्हा भरती निघाली, तर काढलेल्यांना आधी विचारायचं. माझ्या मते यातलं सगळ्यात मोलाचं कलम हे शेवटचं.

आता मला खरं सांगायचंय ते. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात हजारो माणसं घरी बसली. पण त्यांना विचारा, ‘रिट्रेंच केलं’ असं फारसं कुणी म्हणणार नाही. पुढच्या वर्षांत एकच वाक्य ऐकू येऊ लागलं: ‘व्हीआरएस घेतली.’ व्याकरण बघा. रिट्रेंचमध्ये कर्ता मालक, कामगार कर्म. ‘घेतली’मध्ये कर्ता कामगार, मालक वाक्यातून गायब. हा फरक फक्त वाक्यातला नाही. रिट्रेंचमेंटच्या व्याख्येनं स्वेच्छानिवृत्ती स्पष्टपणे बाहेर ठेवली होती. कामगाराला वाक्याचा कर्ता केलं की पुन्हा बोलावण्याचं कलम गळून पडतं. फॉर्मवर सही करताना हे किती जणांना कुणी समजावून दिलं असेल? त्यातल्या ‘स्वेच्छे’बद्दल काळाचौकीच्या कुठल्याही चाळीत विचारा, उत्तर मिळेल, छापता येणार नाही.

तेव्हा वडिलांचं बरोबर, पण मुलाला एक सांगा: कंपनी उद्या राजीनाम्याचा कागद पुढे सरकवेल, तर सहीआधी त्यातलं क्रियापद कुणाचं आहे ते वाचून घे. ज्यांच्या घरी गिरणीची जुनी पत्रं असतील, त्यांनीही एकदा काढून बघा आणि मला कळवा. ‘सरेंडर’ पुढच्या आठवड्यात, नक्की.