इंजिन बांधायचं की बदलायचं?

जुनी डिझेल पिकअप तापून जाम झाली की सगळे म्हणतात, "भंगारातलं इंजिन टाक." थांबा! आधी इंजिन खोलून बोअर आणि क्रँक मोजून घ्या, हेड वाकलंय का बघा. आमचा ब्लॉक शाबूत निघाला. बोअरिंग केलं, ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंग टाकले आणि भाजीची फेरी पुन्हा सुरू झाली. रेडिएटरमधला गाळही काढला, नाहीतर केलेलं काम परत तापून वाया जातं. ब्लॉकला मोठा तडा असेल, तर मात्र बदलाच. पण बिल मागा हो! इंजिन नंबर आरसीवर असतो. बिनकागदाचं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर आरटीओत नोंद अडते, विम्याचा क्लेम लटकतो आणि पोलीस तुम्हालाच बोलावतात.